ऑलिंपिया कालवाची चव आणि भरतीच्या जमिनीचा हक्क

खाडीकाठीं ज्यांच्या खारजमिनी आहेत अशा आपल्या सभासदांपैकीं कित्येकजण अलीकडे कालवांच्या शेतीविषयीं चौकशी करूं लागले आहेत. २०२० सालीं निघालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेंत शिंपवर्गीय प्राण्यांच्या लागवडीस साहाय्याची तरतूद झाली, आणि २०२३ सालीं तटीय मत्स्यशेतीच्या कायद्यांत जी दुरुस्ती झाली तिनें हा धंदा त्या कायद्याच्या कक्षेंत आणला. तेव्हां ही चौकशी वाढत जाणार हें उघड आहे. परंतु विचारणारे विचारतात ते प्रश्न बहुधा दोनच: बीं कोठें मिळेल, आणि एकरीं उतारा किती पडेल. ज्या चिखलांत हें पीक घ्यावयाचें तो चिखल कोणाचा, हा तिसरा प्रश्न कोणी काढीत नाहीं. आणि कालव कोणत्या जातीचें, या चौथ्या प्रश्नाचें उत्तर ‘जें लवकर वाढेल तें’ असें सर्वांनीं मनाशीं धरलेलेंच असतें. माझी नोकरी जमिनीच्या दफ्तरांत गेली असल्यामुळें या दोन मागें पडलेल्या प्रश्नांकडे माझें लक्ष आधीं जातें. त्या दोहोंचीहि उत्तरें ज्या एका कालवाच्या इतिहासांत लिहिलेलीं सांपडतात त्या ऑलिंपिया नांवाच्या, थंड पाण्यांतील कालवाची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें योजिलें आहे.

देशावरील वाचकांचा घोटाळा होऊं नये म्हणून एक खुलासा करतों. पाटाच्या पाण्याचा जो कालवा त्याच्याशीं या प्राण्याचा कांहीं संबंध नाहीं. खडकाला किंवा जुन्या शिंपल्याला जन्मभर चिकटून राहणारा, बाहेरून ओबडधोबड व आंतून गुळगुळीत असा हा शिंपला असून, कोंकणांत ओहोटीच्या वेळीं बायका लोखंडी हत्यारानें तो फोडून आंतील गर काढून आणतात. आपल्या किनाऱ्याचीं कालवें उष्ण पाण्यांतलीं. ऑलिंपिया हें निराळ्या मुलुखाचें. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, उत्तरेस कानडांतील ब्रिटिश कोलंबियापासून दक्षिणेस कॅलिफोर्नियाच्या द्वीपकल्पापर्यंत, हेंच काय तें तेथील मूळचें कालव होय. वॉशिंग्टन संस्थानांत प्यूजेट साउंड नांवाचा समुद्राचा एक लांब फांटा जमिनींत शिरला आहे. त्याच्या दक्षिण टोंकाशीं ऑलिंपिया हें त्या संस्थानच्या राजधानीचें गांव आहे. त्यावरून या कालवास नांव पडलें.

हें कालव अगदीं लहान. विक्रीस काढतात तेव्हां त्याचा शिंपला दीड-दोन इंचांचा, म्हणजे जुन्या चांदीच्या रुपयाहून थोडाच मोठा असतो, आणि तेवढें होण्यासहि त्याला तीन-चार वर्षें लागतात. फोडलेल्या गरानें एक गॅलन भरावयाचा म्हणजे दीड-दोन हजार कालवें फोडावीं लागतात. असें असतांहि ज्यांनीं तें खाल्लें आहे ते मोठ्या कालवाची गोष्ट त्याच्यापुढें काढूं देत नाहींत. जाणकार सांगतात कीं, प्रथम जिभेस खारटपणा लागतो, मग गोडी येते, आणि घास गिळल्यानंतर धातूची, विशेषतः तांब्याची, अशी एक चव बराच वेळ मागें राहते. रात्रभर तांब्याच्या तपेलींत ठेवलेलें पाणी सकाळीं प्यालें असतां जी सूक्ष्म चव लागते ती ज्यास ठाऊक आहे त्यास या वर्णनाचा अर्थ फोडून सांगावयास नको. ही चव सर्व ठिकाणीं व सर्व काळीं सारखी नसते. थंडीच्या दिवसांत कालव आपल्या अंगांत एक प्रकारचा प्राणिज स्टार्च साठवितें. त्यामुळें गर भरीव व गोड होतो. उन्हाळ्यांत हीच पुंजी प्रजननांत खर्च होऊन गर पातळ पडतो. शिवाय ऑलिंपियाची मादी आपलीं पिलें दहा-बारा दिवस शिंपल्यांतच वागविते, आणि त्या पिलांनाहि बारीक कवच आलेलें असल्यामुळें त्या काळांत गर खाणाराच्या दांतांखालीं रेती आल्यासारखें होतें. चवीचा दुसरा भाग पाण्याचा. कोणत्या फांट्यांत कोणती नदी मिळते, पाणी किती खारें, तळ वाळूचा कीं चिखलाचा, यावर चव बदलते. म्हणून तेथें टॉटनच्या खाडीचें कालव असें गांवठिकाणासह नांव घेऊन विकतात. देवगडचा हापूस व रत्नागिरीचा हापूस यांचा वाद ज्यांनीं ऐकला आहे त्यांस यांत नवल वाटूं नये.

आतां या चवीचा बाजार कसा बसला व कसा मोडला तें पाहूं. १८४९ सालीं कॅलिफोर्नियांत सोन्याच्या शोधार्थ माणसांची रीघ लागली आणि सॅन फ्रॅन्सिस्को शहरांत पैसा खेळूं लागला. १८५१ पासून उत्तरेकडील शोलवॉटर खाडींतून, जिला आतां विलापा म्हणतात, कालवांनीं भरलेलीं शिडाचीं जहाजें त्या शहराकडे जाऊं लागलीं. खाडींतला माल फुकटाचा आणि शहरांतला भाव सोन्याचा. मग काय विचारतां! एका पिढीच्या आंत नैसर्गिक थर उजाड झाले. कालवें नेलीं ती गोष्ट एक, परंतु त्यांबरोबर शिंपलेहि नेले ही त्याहून वाईट. कालवाचें पिलूं कांहीं दिवस पाण्यांत तरंगून मग जन्माचें ठिकाण धरतें, आणि तें ठिकाण म्हणजे बहुधा जुन्या कालवाचा शिंपला. शिंपलेच गेले म्हणजे पुढच्या पिढीनें बसावें कोठें? धान्याबरोबर कडबाहि विकावा, शेणहि विकावें, आणि मग जमीन उतरली म्हणून दैवास बोल लावावा, त्यांतलाच हा प्रकार.

१८८९ सालीं वॉशिंग्टनला संस्थानचा दर्जा मिळाला, आणि भरती-ओहोटीच्या मधली जमीन आपल्या मालकीची असें त्या सरकारनें ठरविलें. १८९५ सालीं तेथील विधिमंडळानें बुश व कॅलो यांच्या नांवानें ओळखले जाणारे दोन कायदे करून ही जमीन कालवांच्या लागवडीसाठीं खाजगी इसमांस विकत देण्याची सोय केली. अट अशी कीं, जमीन कालवांखेरीज दुसऱ्या कामीं लावल्यास ती सरकारजमा व्हावी. एका दृष्टीनें हे कायदे फार शहाणपणाचे होते. जें कोणाचेंच नव्हतें तें जो तो ओरबाडीत होता. सनद हातीं येतांच लोक त्या चिखलावर खर्च करूं लागले. टॉटन, ओकलंड वगैरे फांट्यांत त्यांनीं जें केलें तें वाचून कोणाहि खारजमिनीच्या मालकास आपल्याच बांधांची आठवण होईल.

तेथील अडचण अशी होती कीं, ओहोटीनें चिखल उघडा पडला म्हणजे उन्हाळ्यांत उन्हानें आणि हिवाळ्यांत हिमानें कालवें मरत. म्हणून उतारावर पायऱ्या पाडून, प्रत्येक पायरीची जमीन लेव्हल करून, तिच्यावर खडी व शिंपले पसरून, कडेनें लांकडाचे किंवा काँक्रीटचे बुटके बांध घातले. भरतीचें पाणी त्यांवरून आंत येई, आणि ओहोटीच्या वेळीं कांहीं इंच पाणी बांधाच्या आंत कोंडून राही. तेवढ्या पाण्याच्या पांघरुणाखालीं कालवें ऊन व हिम या दोहोंपासून बचावत. आपल्याकडे खारबंदिस्ती करतात ती खारें पाणी बाहेर ठेवण्यासाठीं, आणि उघाडीचें दार पावसाचें पाणी बाहेर सोडण्यासाठीं. तेथें नेमकें उलट. खारें पाणीच आंत राखावयाचें. पण मेहनत तीच आणि शत्रूहि तोच. आपल्याकडे खेकडा बांधास बीळ पाडतो, तेथें बिळें करणारी कोळंबीच्या जातीची एक किडूक तळाखालून पाणी गळवून टाकते. कुलाब्याकडे पूर्वीं शिलोत्रीदार बाहेरचा बांध राखी, आणि त्याबद्दल कुळांकडून भाताचा ठराविक हिस्सा घेई, तो उगाच नव्हे. बांध एकदां घातला कीं संपलें असें समुद्राजवळ कधींच होत नाहीं.

त्यांतून हें काम रात्रीचें. त्या किनाऱ्यावर हिवाळ्यांतील सर्वांत मोठ्या ओहोट्या रात्रीं येतात आणि गर भरण्याचा हंगाम नेमका तोच. म्हणून कंदील घेऊन, गोठवणाऱ्या थंडींत, कालवें गोळा करून निवडीत बसावें लागे. मोठें तें विक्रीस, लहान तें परत पाण्यांत.

इतकें बस्तान बसल्यावर पहिला घाव आला तो समुद्राकडून नव्हे, जमिनीकडून. १९२७ सालीं ओकलंड खाडीच्या तोंडाशीं शेल्टन या गांवीं कागदाच्या लगद्याची गिरणी सुरू झाली. लांकूड शिजवून उरलेलें सल्फाइटचें पाणी खाडींत येऊं लागलें, आणि आसपासच्या बांधांतील कालवें झडूं लागलीं. कालववाल्यांनीं दाद मागितली. गिरणीच्या बाजूनें दुसरीं कारणें पुढें करण्यांत आलीं. तज्ज्ञांचे अहवाल झाले, त्यांवर उलट अहवाल झाले. ती गिरणी १९५७ सालीं बंद झाली. या तीस वर्षांत ज्याच्याजवळ जमिनीची सनद होती त्याच्याजवळ पाण्याची सनद नव्हती, हें वाचकांनीं ध्यानांत धरावें. बांधाच्या आंतील चिखल तुमच्या नांवें असला तरी त्यावरून दिवसांतून दोनदां येणारें पाणी कोणत्या नाल्यास भेटून येतें तें तुमच्या उताऱ्यावर लिहिलेलें नसतें.

दुसरा फेरा बियाण्याचा. पूर्व किनाऱ्याचें मोठें कालव रेल्वेनें आणून लावण्याचा उद्योग आधीं होऊन गेला होता, पण तें तेथें नीट रुजलें नाहीं. १९१९ सालीं जपानांतील मियागी प्रांताचें कालव सॅमिशच्या खाडींत उतरविण्यांत आलें. प्रवासांत मोठीं कालवें मेलीं, परंतु त्यांच्या शिंपल्यांवर चिकटलेलीं बारीक पिलें जगलीं व झपाट्यानें वाढलीं. यावरून, मोठीं कालवें न आणतां शिंपल्यावर बसलेलें बींच आणावें ही युक्ति सुचली. हा उद्योग करणाऱ्या जपानी गृहस्थांस मात्र फळ चाखावयास मिळालें नाहीं. १९२१ च्या कायद्यानें परकीयांस जमीन धारण करण्याची मनाई झाली आणि १९२३ सालीं त्यांस तें ठिकाण विकावें लागलें. घेणारांत ई. एन. स्टील नांवाचे गृहस्थ होते. मौज अशी कीं, याच स्टील यांनीं पुढें १९५७ सालीं ऑलिंपिया कालवाचा उदय व ऱ्हास या विषयावर पुस्तक लिहिलें, आणि १९६४ सालीं या परदेशी कालवावरहि दुसरें लिहिलें.

जपानी कालव वाढण्यास चपळ व आकारानें कितीतरी मोठें. एक फोडलें तर गराची ओंजळ भरते. पोट भरणारांनीं तें लावलें याबद्दल मी त्यांस दोष देणार नाहीं. तें आलें नसतें तर तो धंदाच बुडाला असता असें म्हणण्यास जागा आहे. दोष आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. त्या बियाण्याबरोबर जपानांतील एक शंखाचा किडा आला, जो शिंपल्यास भोंक पाडून आंतील गर खातो. जाड कवचाचें जपानी कालव मोठें झाल्यावर त्याला दाद देत नाहीं. पातळ कवचाचें ऑलिंपिया त्याच्या तोंडचा घांस. म्हणजे परक्या बियाण्यानें नुसती जागा घेतली असें नव्हे, देशी पिकाचा वैरीहि सोबत आणला. पुढें जपानांतून येणाऱ्या बियाण्याची तपासणी सुरू झाली, पण घरांत चोर शिरल्यावर कडी लावली त्यांतली ती गत. आपल्याकडे कापसाच्या व भाताच्या किती देशी जाती ‘उतारा कमी’ एवढ्या एका शेऱ्यावर शेतांतून गेल्या, आणि नवीं बियाणीं कोणते रोग घेऊन आलीं, याची यादी वाचकांनीं आपल्याच गांवापुरती करून पाहावी.

यापुढील भाग अगदीं अलीकडचा. जपानी कालव थंड पाण्यांत आपण होऊन फारसें वीत नाहीं, म्हणून त्याचें बीं हॅचरींत तयार करावें लागतें. २००७-०८ च्या सुमारास ऑरेगन संस्थानांतील नेटार्ट्स खाडीवरच्या व्हिस्की क्रीक हॅचरींत लाखों पिलें एकाएकीं मरूं लागलीं. प्रथम रोगाचा संशय आला. शोधाअंतीं कळलें कीं, हवेंतील वाढता कर्बवायु समुद्रांत मुरून खोल पाण्याचा आम्लपणा वाढला आहे, आणि वारा विशिष्ट दिशेनें वाहिला म्हणजे तें पाणी किनाऱ्यावर येतें. त्यांत पिलांना कवच धरवत नाहीं. २०१२ सालीं हें शास्त्रीय रीतीनें प्रसिद्ध झालें. उपाय केला तो साधा: आंत घ्यावयाच्या पाण्यांत धुण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार मिसळून आम्लपणा मारणें. परंतु जें बीं सोड्यावांचून जगत नाहीं त्याच्यावर सर्व धंदा उभा, ही स्थिति कोणास सुखाची वाटेल? येथें त्या लहान, मंद ऑलिंपियाचा गुण दिसून येतो. तें आपलीं पिलें पोटाशीं धरतें आणि त्या पिलांचें कवचहि सावकाश बनतें. त्यामुळें आम्ल पाण्याचा मारा तीं पुष्कळ सोसतात, असें ऑरेगनमधील संशोधकांस २०१६ मध्यें आढळून आलें. ज्या मंदपणासाठीं त्याला टाकलें, तोच मंदपणा.

२०२१ च्या जूनअखेर त्या मुलुखांत उष्णतेची अपूर्व लाट आली. हिवाळ्यांतील मोठ्या ओहोट्या रात्रीं येतात तशा उन्हाळ्यांतील दिवसाढवळ्या येतात. त्यामुळें उघड्या पडलेल्या किनाऱ्यावर शिंपले व कालवें भाजून मेलीं. तें वृत्त वाचतांना मला त्या बुटक्या बांधांची व त्यांतील चार बोटें पाण्याची आठवण झाली. १९९७ पासून प्यूजेट साउंडच्या पुनरुज्जीवनासाठीं काम करणाऱ्या एका संस्थेनें सरकारी मत्स्यखात्याच्या साहाय्यानें ऑलिंपियाचे थर पुन्हां बसविण्याचें काम हातीं घेतलें असून, २०१० सालीं तिनें शंभर एकरांचा संकल्प केला होता. थोडे बागाईतदार हें कालव विक्रीसाठींहि लावतात. बाजारांत तें महाग आहे, आणि महाग असूनहि खपतें.

आतां हक्काच्या प्रश्नाकडे येतों, कारण माझ्या मतें या हकीकतींतील खरी गोम तेथें आहे. सरकारनें १८९५ सालीं जी जमीन विकली ती रिकामी नव्हती. त्या फांट्यांच्या कांठीं स्क्वॉक्सिन आदि मूळच्या जमाती पिढ्यान्‌पिढ्या कालवें व शिंपले गोळा करीत आल्या होत्या. २६ डिसेंबर १८५४ रोजीं मेडिसिन क्रीक येथें त्यांच्याशीं जो तह झाला, त्यांत नेहमींच्या व वहिवाटीच्या जागीं मासे धरण्याचा त्यांचा हक्क राखून ठेवला होता. मात्र गोऱ्या रहिवाशांनीं खुंट मारून किंवा लागवड करून तयार केलेल्या थरांतून त्यांनीं शिंपले घेऊं नयेत असें पुढें जोडलें होतें. विक्रीखतांत या वहिवाटीचा उल्लेख आला नाहीं. खरेदीदार समजला कीं मी निर्वेध जमीन घेतली. जमाती समजल्या कीं आमचा तह कायम आहे. दोघेहि आपापल्या कागदाप्रमाणें खरेच होते. अखेर १९९४ च्या डिसेंबरांत, तहानंतर बरोबर एकशेंचाळीस वर्षांनीं, न्यायाधीश रफीडी यांनीं निकाल दिला कीं नैसर्गिक थरांतील निम्म्या शिंपल्यांवर जमातींचा हक्क आहे, मग वरची जमीन खाजगी कां असेना. माणसानें लागवड केलेले थर तेवढे वगळले. मग नैसर्गिक किती व लागवडीचें किती याचा वाद उभा राहिला. बागाईतदारांपुरता तो २००७ सालीं मिटला, जमातींस तीन कोटि तीस लक्ष डॉलर देऊन. ही रक्कम मध्यवर्ती व संस्थान सरकारांनीं भरली, म्हणजे करदात्यांनीं भरली. १८९५ सालीं एक कारकून पाठवून वहिवाटीची यादी करविली असती तर खर्च किती आला असता?

आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम २० अन्वयें भरतीच्या रेषेखालील समुद्राचा व खाड्यांचा तळ राज्य सरकारच्या मालकीचा आहे. तेव्हां ज्याचा बांध खाडीस लागून आहे त्यानें बांधाबाहेरचा चिखल आपल्या सातबाऱ्यांत आला असें समजूं नये. तो मागावयाचा झाल्यास सरकारकडून मागावा लागेल, आणि सरकारनें तो विकूं नये, मुदतीच्या पट्ट्यानें द्यावा, असें माझें स्पष्ट मत आहे. हें मत आपल्या कांहीं सभासदांस रुचणार नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं मालकी असल्याशिवाय कोणी बांध घालीत नाहीं, आणि वॉशिंग्टनचा दाखला त्यांच्याच बाजूचा आहे. तो दाखला अर्धाच खरा आहे. बांध सनदेमुळें झाले हें खरें. पण कालवांखेरीज दुसरा उपयोग केल्यास जमीन परत जाईल ही अटहि त्याच सनदेंत होती. लांब मुदत आणि कडक अट एवढ्यानें तें काम भागतें. अट नसेल तर आज कालवांच्या नांवानें घेतलेला खाडीकांठ उद्यां भराव घालून कोणाच्या बंगल्याखालीं जाईल हें सांगण्यास ज्योतिषी नको.

आपल्या खाड्यांतून कालवें काढणाऱ्या बायकांच्या वहिवाटीस कागद नाहीं. नागपूर-वऱ्हाडाकडे निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज या दफ्तरांत गांवकऱ्यांचे चराईचे, सरपणाचे, मासेमारीचे रिवाज लिहून ठेवण्याची रीत आहे. कोंकणांतल्या खाडीसाठीं तसें कांहीं व्हावयास पाहिजे, आणि तें पट्टे देण्याच्या आधीं व्हावयास पाहिजे. पट्टा मागणाऱ्या आमच्या सभासदांनींच ही मागणी पुढें करावी. तींत त्यांचा परोपकार नाहीं, हित आहे. कारण पट्टा निर्वेध आहे कीं नाहीं हें आजच कळेल, नातवाच्या काळीं कोर्टांत कळणार नाहीं. बियाण्याच्या बाबतींत त्याच खाडींत जुन्या शिंपल्यांच्या माळा सोडून जें आपोआप बसेल तें धरावें. दुसऱ्या किनाऱ्याचें बीं कोणी स्वस्तांत आणून देऊं लागला तर त्याची तपासणी कोणी केली तें आधीं विचारावें. वरच्या अंगास कारखान्याचा किंवा शहराचा नाला असेल तर त्या खाडींत पैसे घालूं नयेत. कालव पाणी गाळून जगतें, आणि त्या पाण्यांत जें असेल तें खाणाराच्या ताटांत येतें.

वहिवाटीची पाहणी व्हावयाची ती अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाच्या ओहोटीस व्हावी. भांगाच्या दिवसांत पाणी पुरतें हटत नाहीं आणि निम्मे खडक पाण्याखालींच राहतात. त्या दिवशीं केलेल्या नकाशांत ते येणार नाहींत. तलाठ्याबरोबर त्या गांवच्या कालवें काढणाऱ्या दोन-चार वृद्ध बायकांस न्यावें. कोणता खडक कोणत्या वाडीचा हें त्यांस तोंडपाठ असतें, आणि बहुतेक खडकांस त्यांनीं ठेवलेलीं नांवेंहि असतात. तीं नांवें जशीच्या तशीं नकाशावर लिहावीं.